पहिलं सापडलेलं नाव

आमच्या सरांना एखाद्याचा राग आला की ते त्याला ‘साहेब’ म्हणत. लोभ असला की ‘गाढवा’. उरणजवळच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत मी रुजू झाले तेव्हा पहिले चार महिने मी ‘साहेब’ होते. मला वाटायचं, नव्या मुलींना इथे काय मान देतात.

कंपनी म्हणजे कंटेनर यार्डाच्या कुंपणाला चिकटलेली दुमजली इमारत. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय, कुठला ट्रेलर कधी आत आला, कुठल्या ड्रायव्हरला गेटातून सोडायचं, असले यार्डाचे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. व्हिजिटिंग कार्डावर मात्र ‘जागतिक पुरवठा साखळी’ असं काहीतरी सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. अख्ख्या जगाची साखळी आमच्या हातात होती, आणि आमच्या संडासाची कडी तुटलेली असल्यामुळे दार आतून सुतळीने बांधावं लागे.

सर मूळचे श्रीवर्धनकडचे. घरची सुपारीची वाडी, पिढीजात शिक्षकी. त्यांनीही पंचवीसेक वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, मग पन्नाशीला अचानक नोकरी सोडली, कॉम्प्युटर शिकले आणि वाडी भावावर टाकून इकडे आले. का सोडली, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. हुद्दा होता सीनियर कन्सल्टंट. काम होतं आमचा कोड वाचणं आणि वाचता वाचता नाकातून आवाज काढणं. बारीक चूक असली की आखूड आवाज, मोठी असली की लांब. सहा महिन्यांत मला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं की सर कितव्या ओळीवर आहेत.

बाकी चुका ते नाकावर निभावून नेत. पण यादीतून काही काढायचं म्हटलं की खुर्ची ओढून शेजारी येऊन बसत. मग तीन प्रश्न. या नावाचे किती आहेत? त्यातला कुठला काढायचाय? काढून झाल्यावर किती राहिले पाहिजेत? उत्तरं कागदावर लिहायची, खाली सही करायची, मग कळफलकाला हात लावायचा. एका ओळीच्या कामाला एक पान. मॅनेजर त्याला ‘सरांचं प्रतिज्ञापत्र’ म्हणत. सगळी पानं सरांच्या खणात असत, आणि प्रत्येकाला काढण्याआधीच्या यादीची छापील प्रत टाचणीने लावलेली. खण उघडत नसे इतका भरला होता.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे चालत्या यादीत हात घालायचा नाही. यादी वाचत असतानाच तिच्यातली नावं उडवायची नाहीत. जे ठेवायचे आहेत ते उचलून नव्या यादीत न्यावेत, जुनी बाजूला ठेवावी. हा नियम ते पोह्यांनाही लावत. त्यांना पोह्यांतले शेंगदाणे आवडत नसत. दुसरा कोणी शेंगदाणे वेचून बाजूला टाकील. सर कँटीनमध्ये दुसरी बशी मागत आणि शेंगदाणे सोडून उरलेले सगळे पोहे चमच्याचमच्याने तिच्यात नेत. मग पहिल्या बशीतले शेंगदाणे मोजत. कँटीनच्या मावशींनी एकदा स्पष्ट सांगितलं की एका माणसाच्या दोन बश्या घासायला त्यांना काही जमणार न्हाय. त्यानंतर सर दुसरी बशी घरून आणू लागले.

मी इंजिनिअर. कॉलेजात पायथन शिकून आलेली, पहिल्या वर्गात पास झालेली. दोन बश्यांच्या माणसाकडून मी काय शिकणार होते?

त्या हिवाळ्यात सर सुपारीच्या कामासाठी आठवडाभर गावी गेले. नेमकं तेव्हाच यार्डात एका ड्रायव्हरने पिऊन ट्रेलर मागे घेतला आणि आमच्या मॅनेजरांच्या गाडीचा आरसा उडवला. माणूस चिरडला असता तर चौकशी समिती बसली असती, अहवाल आला असता. आरसा फुटल्यामुळे निर्णय दहा मिनिटांत झाला. मॅनेजर माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले की ड्रायव्हरचं नाव संतोष म्हात्रे, गेटच्या यादीतून उडवायचं. मी म्हटलं, सर येऊ देत, ते एक पान भरून घेतात. मॅनेजर नवी मुंबईहून येत, त्यांची भाषाही वाशीचा पूल ओलांडून येई. “सिंपल है ना,” ते म्हणाले, “नाव टाक, डिलीट मार.”

मी नाव टाकलं, डिलीट मारलं.

पायथनमध्ये यादीला नुसतं नाव सांगून ‘काढ’ म्हणायची सोय आहे. ती आज्ञा वरून खाली शोधत येते, त्या नावाचा जो पहिला भेटेल त्याला काढते आणि थांबते. त्याच नावाचे खाली आणखी कोणी आहेत का, काढला तो बरोबरचाच का, असं काही विचारत नाही. त्या नावाचं कोणीच सापडलं नाही तर तेवढी आरडाओरड करते. एक सापडला की ती खूश. आमच्या मॅनेजरांचाही स्वभाव थोडाफार असाच होता.

आमच्या यादीत संतोष म्हात्रे चार होते. उरण तालुक्यात वाढलेल्या मुलीला हे सुचायला हवं होतं. माझ्याच वर्गात तीन होते. पण पहिला वर्ग मिळालेल्या माणसाला साध्या गोष्टी सुचत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा फोडणारा संतोष म्हात्रे हॉर्न वाजवत, हात हलवत गेटातून आत आला. मॅनेजरांनी ते खिडकीतून पाहिलं. या वेळी त्यांचा आदेश आणखी सोपा होता, सगळे संतोष म्हात्रे उडव, कोण कुठला ते नंतर बघू. म्हणून मी जरा हुशारीने लिहिलं. यादीवरून एकेक पाऊल चालत जायचं आणि जिथे संतोष म्हात्रे दिसेल तिथे त्याला काढायचं. चालवलं. काही आरडाओरड झाली नाही. मी चहा प्यायला गेले.

आता रांगेत काय होतं पाहा. रांगेतला तिसरा माणूस काढला की चौथा सरकून तिसऱ्याच्या जागी येतो. माझा प्रोग्रॅम मात्र तिसरी जागा बघून झाली म्हणून चौथ्या जागेकडे निघालेला असतो. सरकून आलेल्या माणसाकडे कोणी बघतच नाही. आमच्या यादीत शेवटचे दोन संतोष म्हात्रे एका पाठोपाठ एक होते, कारण एकाच गावातून एकाच दिवशी येऊन त्यांनी खिडकीवर नाव लावलं होतं. त्यातला पहिला गेला, दुसरा सरकून वाचला. आणि आरसा फोडणारा होता तो दुसरा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा हात हलवत आत आला. बाकीचे तिघे गेटाबाहेर. गेटवरच्या सिक्युरिटीने उत्साहाने एक कागद चिकटवला होता: ‘संतोष म्हात्रे. मद्यपान. प्रवेश बंद.’ गाव नाही, लायसन्सचा नंबर नाही. येणारे-जाणारे वाचत होते.

त्याच दिवशी सर आले. खांद्यावर सुपारीची पिशवी. गेटपाशी एक ट्रेलर कडेला लावलेला होता आणि त्याच्या पायरीवर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. हा पहिला संतोष म्हात्रे, यार्ड सुरू झालं तेव्हापासूनचा, म्हणून यादीत सगळ्यात वर. मिठागरात राबलेल्या घरातला. दारूच काय, त्याला तंबाखूचंही व्यसन नव्हतं. तो तीन दिवस तिथे येऊन बसत होता. सरांनी त्याच्याशी बोलून घेतलं, कागद वाचला आणि वर आले. पिशवीही खाली न ठेवता त्यांनी मला विचारलं.

“किती होते?”

“चार.”

“काढायचे किती होते?”

“एक.”

“राहिला कोण?”

मी खिडकीतून आत यार्डाकडे बोट दाखवलं.

“चारातला एक काढायचा होता,” सर म्हणाले. “आपण तीन काढलेत, आणि राहिला तो नेमका काढायचा होता. इतकी अचूक चूक मी पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत पाहिली नाही. साहेब, याला अक्कल लागते.”

‘साहेब’ म्हणजे काय ते मला त्या क्षणी समजलं.

अर्ध्या तासात त्यांनी लायसन्सच्या नंबरांवरून नवी यादी केली. तिघे आत, एक बाहेर. गेटवरचा कागद स्वतः जाऊन फाडला. मॅनेजर म्हणाले, झालं तर, आता एक सॉरीचा मेल टाका. सरांनी विचारलं, कोणाला? त्या माणसाला मेल नव्हता. त्याला होती एक मुलगी, आणि तिच्या साखरपुड्याची बोलणी चालू होती. शेजारच्या गावातल्या मुलाकडच्यांनी तो कागद वाचला होता. आदल्या संध्याकाळी त्यांचा निरोप आला होता की जरा विचार करून कळवतो.

“चला साहेब,” सर मला म्हणाले. “विचार करायला त्यांना मदत करू.”

मुलाच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा अंगणात जाळं विणणं चाललं होतं. मुलाचे वडील, दोन शेजारी, आमच्याबरोबर आलेला संतोष म्हात्रे. सरांनी ओळख करून दिली, हात जोडले आणि कोणी काही विचारायच्या आत त्या चौघांना रांगेत उभं केलं; त्यातले शेवटचे दोघे संतोष म्हात्रे समजायचे. मला म्हणाले, “तू प्रोग्रॅम. चाल.” मी चालले. तिसऱ्याचा हात धरून त्याला रांगेबाहेर काढलं. सरांनी चौथ्याला, म्हणजे मुलाच्या वडिलांना, एक पाऊल पुढे सरकवलं. मी माझं पाऊल टाकलं आणि त्यांच्या शेजारून निघून गेले. समोर कोणीच नव्हतं. इतक्या लोकांसमोर इतकं मूर्ख मला आधी कधीच वाटलं नव्हतं, आणि सरांचा हेतूही तोच असावा.

मुलाचे वडील म्हणाले, “म्हंजे मी सुटलो?”

“तुम्ही प्यायलेले आहात,” सर म्हणाले. “तुम्ही सुटणारच.”

शेजारी हसले. मुलाच्या वडिलांनी संतोषकडे बघितलं. “आनि ये पियत न्हाईत?”

“नाही,” सर म्हणाले. “आमची यादी प्यायलेली होती.”

चहा आला. तारीख तिथेच ठरली. मला फार बरं वाटलं, आपण एक संसार मोडता मोडता वाचवला वगैरे. मोडत कोणी आणला होता ते मी तेवढ्यापुरतं विसरले. आम्ही निघालो तेव्हा संतोष म्हात्रे रस्त्यापर्यंत सोडायला आले. सर रिक्षा बघायला पुढे गेले तेव्हा ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. आवाजात राग नव्हता.

“मॅडम, तीन दिस मी गेटवर व्हतो. वर खिडकीत तुमी दिसायच्या. एकदा खाली येऊन इचारलं असतं, तू कुठला संतोष, तर मी सांगितलं असतं.”

पुढून सरांनी रिक्षा थांबवून मला हाक मारली.

परतताना रिक्षा मिठागरांच्या कडेने निघाली. मी म्हटलं, सर, मला बोला काहीतरी. ते म्हणाले, “काय बोलू? मी तरी कुठे खाली उतरून विचारलं होतं?” आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नाही असं मी प्रथमच ऐकत होते.

ते शिकवत होते त्या शाळेत दहावीच्या वर्गात मंगल पवार नावाच्या दोन मुली होत्या. एकीचं कुटुंब मुंबईला गेलं, तिने शाळा सोडली. परीक्षेच्या फॉर्मची यादी बोर्डाकडे पाठवायची होती. हेडमास्तर म्हणाले, मंगल पवार गेली, नाव काढा. सरांनी वरून बोट फिरवलं, पहिली मंगल पवार दिसली, तिच्यावर रेघ मारली. खाली बघितलं नाही. पुढे मुंबईला गेलेल्या मुलीचं हॉलतिकीट आलं आणि वर्गात बसलेल्या मुलीचं आलं नाही. हेडमास्तरांनी तिच्या वडिलांना सांगितलं की बोर्डाची चूक. सर शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. वडील म्हणाले, नशिबात नसेल, आणि त्याच उन्हाळ्यात मुलीचं लग्न लावून दिलं.

“नोकरी त्यामुळे सोडलीत?” मी विचारलं.

“लगेच नाही. तेवढा मी थोर नाही. नंतर दहा-बारा वर्षं दर वर्षी ती यादी करायला लागायची. दर वर्षी ‘प’पाशी आलो की पुन्हा पहिल्यापासून मोजायचो. शेवटी कंटाळलो.”

मंगल पवार आता हरिहरेश्वरला होती. घरगुती खानावळ चालवायची. गावी गेले की सर तिच्याकडे जेवायला जात, तेही एकदा नव्हे, दोनदा. मी विचारलं, तिला कधी सांगितलंत? ते म्हणाले, “सांगणार कधी गो? ती सारखी वाढत असते.”

त्यानंतर दोनेक महिन्यांनी त्यांनी स्वतःच मला बरोबर यायला सांगितलं. कारण दिलं, खानावळीतली सोलकढी. खरं कारण त्यांना साक्षीदार हवा होता, म्हणजे ऐनवेळी पळता येणार नाही. आगरदांड्याहून आम्ही फेरीबोटीने दिघीला उतरलो. अख्ख्या खाडीभर ते तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होते. दुसऱ्यांना शब्दाशब्दाला टोचणारा हा माणूस, आणि त्याला एक वाक्य पाठ करावं लागत होतं.

मंगलताई चाळिशीच्या आत-बाहेरच्या. पदर खोचलेला, हात सतत कामात. आम्हाला बसवलं, पानं मांडली, माझं गाव विचारलं, यात्रेकरूंच्या एका घोळक्याला थोडं थांबायला सांगितलं. त्या भात घेऊन आल्या तेव्हा सरांनी पानावर आडवा हात धरला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं. की मंगल, तुझ्या नावावर रेघ बोर्डाने नाही मारली, मी मारली.

मंगलताईंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही रेघ मारलीत तेव्हा मी तिथेच होते. फळ्याचं फडकं ठेवायला आले होते टेबलावर.”

सरांनी विचारलं, मग बोलली का नाहीस?

“बोलून काय करू? बसले असते तर गणितात नापास होणार होते. तुम्हीच सांगायचात भर वर्गात. ‘पवारबाई, आपण गणितात पास झालात तर मी हरेश्वरच्या खडकावरून समुद्रात उडी घेईन.’ सगळा वर्ग हसायचा. मी म्हटलं, नावच नसलं तर नापास तरी होणार नाही. घरी हसतील ते वाचेल. तेव्हा मला बरंच वाटलं सर. वाईट वाटायला लागलं ते नंतर, पोरं शाळेत जायला लागल्यावर.”

एवढं बोलून त्यांनी पातेलं उचललं, सरांचा हात बाजूला केला आणि भात वाढला. मग त्या यात्रेकरूंकडे गेल्या.

सर जेवले नाहीत. इतकी वर्षं हा माणूस एका रेघेचं ओझं वाहत होता. त्यापायी त्याने नोकरी सोडली, खण भरला, पोह्यांना दोन बश्या लावल्या. आणि आता कळत होतं की मुलगी त्या रेघेने गेलीच नव्हती. तिला त्याआधी वर्षभर रोज, सगळ्यांच्या देखत, काढण्यात आलं होतं. त्याची कुठे नोंद नव्हती आणि त्यावर कोणी सही केली नव्हती. मी सोलकढी प्यायले. चांगली होती. दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

निघताना सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. म्हणाले, खाजगीरीत्या बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म असतो, मी भरतो. मंगलताई हसल्या. म्हणाल्या, सर, या वयात? आणि गणिताचं काय? सर म्हणाले, शिकवीन. त्या म्हणाल्या, तुम्ही? हा एक शब्द त्यांनी असा उच्चारला की मला सरांकडे बघवेना. सर खाली मान घालून म्हणाले, या वेळी नीट शिकवीन.

पुढच्या महिन्यात त्यांनी कंपनी सोडली. मॅनेजरांनी निरोपाला केक आणला. त्यावर सरांचं आडनाव चुकलं होतं. खण उघडून पानं काय करायची असं विचारलं तर सर म्हणाले, ठेवा किंवा जाळा, उपयोगाची नाहीत. मी ती घरी घेऊन आले.

निकाल लागला त्या दुपारी त्यांचा फोन आला. मराठीत एकसष्ट, इतिहास-भूगोलात अठ्ठावन्न, इंग्रजीत काठावर. त्यांनी सगळे विषय सावकाश वाचून दाखवले. मी वाट बघत राहिले.

“आणि गणित?”

“अठरा.”

“अरेरे. मंगलताईंना वाईट वाटलं असेल.”

“तिचे नाहीत ते,” सर म्हणाले. “शिकवणाऱ्याचे मार्क आहेत. पुन्हा बसता येतं. बसतोय आम्ही.”

मग त्यांनी सांगितलं की शिकवणी खानावळीतच असते, सकाळी आठ ते दहा. तिला भाजी चिरायची असते आणि हात मोकळे नसले की गणित होत नाही. म्हणून ती पाटावर बसून गणितं सोडवते आणि भाजी ते चिरतात.

फोनमधून मागून मंगलताईंचा आवाज आला. “सर, कांदा बारीक हवा. आणि हा तीन बरोबरच्या चिन्हापलीकडे नेला, तर त्याचं अधिक-उणं बदलतं का?”

“बदलतं,” सर म्हणाले. “घाई नाही. सावकाश ने.”

फोन बंद करायचं ते विसरले. मी बराच वेळ कानाला लावून बसले होते. कांदा चिरल्याचा आवाज येत होता, आणि मध्येच पेन्सिलने काहीतरी खोडल्याचा.